बाबांची सही, पुतण्याचं मुखत्यारपत्र आणि तुमची घाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७६ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात स्वतःचं घर, काटोलजवळ चार एकर संत्र्याचा बगिचा. आई तीन वर्षांपूर्वी गेली. बाबांना दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. मुलगी पुण्यात, मुलगा परदेशात. घरात बाबांसोबत त्यांचा पुतण्या राहतो. औषधं तोच देतो, पेन्शन तोच काढतो, बगिच्याचा बहारही, म्हणजे झाडावरचं पीक, तोच व्यापाऱ्याला देतो. मागच्या महिन्यात मुलीने पासबुक भरून आणलं तर आठ महिन्यांत एटीएममधून साडेचार लाख निघालेले. कपाटात नोटरी केलेलं एक आममुखत्यारपत्रही सापडलं, म्हणजे बाबांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार पुतण्याला देणारा कागद. भाऊ म्हणतो, दुसऱ्या कुणी लिहून घेण्याआधी आपणच घराचं बक्षीसपत्र करून घेऊ. ताईंचं विचारणं असं: हे करावं का, मुखत्यारपत्र रद्द कसं होतं, कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक मिळते का, आणि बाबांना यातलं काही सांगायचं का?

ताई, भावाच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण पुतण्यापेक्षा मोठं नुकसान तिथून व्हायची शक्यता आहे. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षं दिवाणी वकिली करतोय. आई-बापाच्या भल्यासाठी घाईने लिहून घेतलेल्या कागदांनी जितक्या केसेस बुडालेल्या पाहिल्या, तितक्या लबाडांच्या हुशारीने बुडालेल्या नाही पाहिल्या.

बक्षीसपत्राचा मोह का पडतो ते मला कळतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वरचे अधिभार वेगळे. एका दुपारचं काम. पुतण्या या सवलतीत बसत नाही, म्हणून त्याच्यासारखी माणसं मुखत्यारपत्र, मृत्युपत्र किंवा जुन्या तारखेच्या इसारपत्राच्या वाटेने येतात. पण तुम्ही दीड वर्षापूर्वी निदान झालेल्या माणसाला गाडीत बसवून दुय्यम निबंधकाकडे नेलंत आणि घर तुमच्या किंवा भावाच्या नावावर केलंत, तर भारतीय करार कायद्याचं कलम १६ तुमच्याच अंगावर येतं. वय, आजार यांमुळे ज्याची समज उणावली आहे अशा माणसाशी व्यवहार करणारा हा त्याच्यावर वर्चस्व असलेला मानला जातो, आणि व्यवहार उघडउघड एकतर्फी दिसला की तो दबावाखाली झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी फायदा घेणाऱ्यावर येते. फायदा घेणारे तुम्ही. शिवाय उद्या पालक म्हणून नेमणूक मागायला गेलात की न्यायमूर्ती पहिला प्रश्न विचारतील: अर्जदाराच्या नावावर आधीच काय काय झालंय?

एक जुनी केस सांगतो, माझी स्वतःचीच. नागपूरच्या महाल भागातलं घर, दोन भाऊ. मोठ्याने मार्चमध्ये डॉक्टरांकडून दाखला घेतला की वडिलांना व्यवहार कळत नाहीत, आणि तो बँकेत देऊन धाकट्याचे पैसे काढणं थांबवलं. जूनमध्ये त्याच वडिलांकडून स्वतःच्या नावे मृत्युपत्र नोंदवून घेतलं. मी मोठ्याचा वकील होतो. मृत्युपत्राचं मला नंतर कळलं. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्या पक्षकाराला विचारलं, यातलं खरं कोणतं? पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही.

म्हणून माझ्याकडे असं प्रकरण आलं की मी आधी एकच गोष्ट ठरवतो. कागदावर बाबा एकच असले पाहिजेत. बँकेत त्यांना काहीच कळत नाही आणि निबंधकाकडे सगळं कळतं, असं चालत नाही. त्यांना आज काय कळतं हे आधी प्रामाणिकपणे शोधा, त्यावरून रस्ता निवडा, आणि मग प्रत्येक कचेरीत तेच सांगा.

शोधायचं डॉक्टरांकडे, माझ्याकडे नाही. 'डिमेन्शिया आहे' एवढा दाखला कोर्टात फारसा कामाचा नाही, कारण निदान म्हणजे असमर्थता नव्हे. करार कायद्याचं कलम १२ तर असंही म्हणतं की जो एरवी भानावर नसतो पण अधूनमधून असतो, तो भानावर असताना करार करू शकतो. मृत्युपत्राबाबत भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५९ मध्येही तोच विचार आहे. तेव्हा डॉक्टरांना लेखी प्रश्न द्या. स्वतःकडे काय काय मालमत्ता आहे हे बाबांना ढोबळमानाने सांगता येतं का? मुलं कोण, पुतण्या कोण, कुणाचा किती हक्क, हे कळतं का? एखाद्या कागदावर सही केली तर काय जाईल आणि काय राहील, हे समजून, थोडा वेळ लक्षात ठेवून, स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? याची उत्तरं तारीख-वेळ घालून केसपेपरवर आली पाहिजेत. नुसता चाचणीचा आकडा, तीसपैकी एकवीस वगैरे, न्यायाधीशांना काही सांगत नाही.

नागपुरातल्या मेडिकल, मेयो, प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा मिहानचं एम्स, यांपैकी कुठल्याही सरकारी रुग्णालयात दाखवा. सरकारी डॉक्टरांच्या मताला कोर्टात वजन असतं. पण ज्या खासगी न्यूरॉलॉजिस्टकडे दीड वर्ष दाखवताय त्यांचे सलग केसपेपर अर्ध्या तासात मिळालेल्या दाखल्यापेक्षा जास्त बोलतात, ते फेकू नका. वेळ सकाळची घ्या. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो. चार वाजता नेलंत तर बाबा आहेत त्यापेक्षा वाईट दिसतील. आणि निदान अल्झायमरचं न निघता मेंदूच्या पुढच्या भागाच्या डिमेन्शियाचं निघालं, तर उलटं सावध राहा. त्यात स्मरणशक्ती बरीच शाबूत असते पण तारतम्य आधी जातं. असा माणूस नावं, तारखा, सर्व्हे नंबर बिनचूक सांगतो आणि त्याच संध्याकाळी अनोळखी माणसाला चेक लिहून देतो.

आता समजा डॉक्टर म्हणाले की बाबांना अजून बऱ्यापैकी कळतं. मग कायद्याची सगळी चांगली हत्यारं तुमच्या हातात आहेत, पण ती वापरायची बाबांनी. तुम्ही बाजूला बसायचं, आणि सहीच्या वेळी शक्यतो खोलीबाहेर.

मुखत्यारपत्र रद्द करायला त्यांची एक सही पुरते. रद्दलेख नोंदवून घ्या, पुतण्याला नोटीस पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, प्रत बँकेला द्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. त्याच आठवड्यात बाबांनी स्वतः बँकेत जाऊन एटीएम कार्ड बदलावं, रोजची मर्यादा खाली आणावी, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तपासावा. बऱ्याच घरांत मेसेज ज्याच्या फोनवर जातात तोच पैसे काढणारा असतो. खातं संयुक्त करायचं तर शब्द नीट वाचा. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असेल तर तुम्हीही व्यवहार करू शकता. 'पहिला किंवा हयात' असेल तर बाबा असेपर्यंत फक्त बाबा. 'दोघांपैकी कोणीही' असं हवं असेल तर भावाला आधी ईमेल करून सांगा आणि दर महिन्याचं स्टेटमेंट त्याला पाठवत राहा. नाव जोडल्याने पैसे तुमचे होत नाहीत, हे दोघांनीही लक्षात ठेवलेलं बरं. नॉमिनीचंही तसंच. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीने सांभाळायला, मालकी त्याने ठरत नाही.

मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. १९५८ सालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की मृत्युपत्राभोवती संशयास्पद गोष्टी असतील तर त्या दूर करायची जबाबदारी ते पुढे करणाऱ्याची, आणि लाभार्थ्यानेच लिहून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर तीही संशयाचीच गोष्ट. नोंदणी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. ही सोय फार थोडे लोक वापरतात. कपाटातल्या मृत्युपत्राला पाय फुटतात, तिथल्या नाही.

बक्षीसपत्राऐवजी मला विचाराल तर खासगी विश्वस्त निधी. हा १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली होतो. बाबा घर आणि बगिचा विश्वस्तांच्या हवाली करतात, उत्पन्न स्वतःसाठी हयातभर राखून ठेवतात, पुढे काय करायचं ते दस्तात लिहितात. विश्वस्त दोन ठेवा: एक तुम्ही, एक घराबाहेरचा, म्हणजे बाबांचा जुना सहकारी किंवा हिशेब पाहणारे सीए. स्थावर मालमत्ता आहे म्हणून नोंदणी लागेल, मुद्रांक शुल्क २०० रुपयांपेक्षा बरंच जास्त पडू शकतं, आणि सीएशी बोलल्याशिवाय करू नका. पण याचा फायदा असा की बाबांची समज नंतर गेली तरी विश्वस्तांचा अधिकार जात नाही. मुखत्यारपत्राचा जातो.

हे मुखत्यारपत्राचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेक घरं फसतात. लोकांना वाटतं, आत्ताच मुलीच्या नावे आममुखत्यारपत्र करून ठेवू म्हणजे पुढे बाबांना काही कळेनासं झालं की कामाला येईल. इंग्लंड-अमेरिकेत तशी सोय आहे, परदेशातल्या भावाने तिथेच ऐकलं असणार. आपल्याकडे नाही. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकार तिथेच संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो.

पण हीच तलवार पुतण्यालाही कापते. बाबांची समज गेली असेल तर त्याचं मुखत्यारपत्र आपोआप संपलेलं आहे, रद्द करायला बाबांच्या सहीची गरजच नाही. अडचण एकच: कलम २०८ प्रमाणे तिसऱ्या माणसाच्या दृष्टीने अधिकार तेव्हा संपतो जेव्हा ते त्याला कळतं. बँकेला माहीतच नसेल तर बँकेने पुतण्याला दिलेले पैसे बँकेच्या अंगावर येत नाहीत. म्हणून कळवायचं, लेखी, आणि पोच घ्यायची. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला, निबंधकाला, घराचा भूखंड नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्याचा असेल तर प्रन्यासला, आणि हो, बगिच्याच्या व्यापाऱ्यालाही. बँक तुम्हाला खात्याची माहिती द्यायला बांधील नाही आणि देणारही नाही. पण वैद्यकीय कागद जोडलेलं पत्र आवक नोंदीत गेल्यावर तिथला माणूस पुढच्या मोठ्या रकमेला दहादा विचार करतो. आणि नोटरीच्या मुखत्यारपत्रावर घर विकलं गेलं अशी भीती असेल तर सांगतो, नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

आता दुसरा रस्ता. डॉक्टर म्हणाले की बाबांना व्यवहार कळत नाहीत. मग बाबांची एकही सही घ्यायची नाही. चांगल्या कामासाठीही नाही, सोसायटीच्या अर्जावरही नाही.

इथे कायद्यात एक मोठं भगदाड आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय चौकशी करून अशा माणसाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत होतं. तो कायदा जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. तो रुग्णाच्या हक्कांच्या बाबतीत फार पुढचा आहे. त्यात बाबा साध्या कागदावर तुम्हाला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकतात. पण तो प्रतिनिधी उपचारांपुरता. मालमत्तेबद्दल त्या कायद्यात अवाक्षर नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. त्याखाली केलेले अर्ज फेटाळून परत येताना मी पाहिलेत. राष्ट्रीय न्यास कायद्याखालची जिल्हा समिती पालक नेमते, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. डिमेन्शिया त्यात नाही. तिथे रांग लावू नका.

उरतं ते दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १४. त्यात जिल्हा न्यायालय किंवा शासनाने नेमलेला अधिकारी 'मर्यादित पालक' नेमू शकतो, ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि दिव्यांग व्यक्तीशी विचारविनिमय करून. कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाड येतो, त्यामुळे मांडणी करता येते. पण चार एकर बगिचा आणि घर सांभाळायचं, बँकेतून नियमित पैसे काढायचे, तर माझा सल्ला सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करण्याचा. कायद्यात वाट नसली तर न्यायालय स्वतः पालकाच्या भूमिकेत येऊ शकतं, हा जुना सिद्धान्त. बॉम्बे हायकोर्टाने २०२० मध्ये कोमातल्या पतीसाठी पत्नीला याच मार्गाने पालक नेमलं. केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी सूचना घालून दिल्या, त्या इतर ठिकाणीही वकील पुढे ठेवतात: डॉक्टरांच्या पथकाचा अहवाल, महसूल अधिकाऱ्याची चौकशी, मालमत्तेची यादी, सगळ्या वारसांना पक्षकार करणं, आणि पालकाने दर ६ महिन्यांनी हिशेब देणं.

त्या हिशेबाला घाबरू नका. उलट तीच तुमची ढाल आहे. आणि याचिकेसाठी लागणारा सगळ्यात कठीण कागद वैद्यकीय नाही. तो म्हणजे भावाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. तो परदेशात आहे, म्हणजे भारतीय दूतावासात जाऊन साक्षांकित करावं लागेल, त्यात आठवडे जातात. आजच सांगा त्याला. भाऊ-बहिणीचं एकमत असेल तर याचिका महिन्यांत निघते. नसेल तर मला काळ सांगता येणार नाही.

एखादा दस्त आधीच झाला असेल, समजा शोधात घराचं किंवा शेतीचं विक्रीपत्र निघालं, तर दिवाणी दावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम १५ खाली तुम्ही 'वादमित्र' म्हणून बाबांच्या वतीने दावा लावू शकता, आणि त्यासाठी बाबा पूर्ण भ्रमिष्ट असायला हवेत असं नाही. मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित सांभाळता येत नाही एवढं पुरतं. कोर्ट आधी चौकशी करतं. कधी न्यायाधीश बाबांना दालनात बोलावून स्वतः चार प्रश्न विचारतात: जेवलात का, कुणासोबत आलात, घर कुणाचं आहे. दावा दस्त रद्द करण्याचा, सोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज. मुदत साधारणपणे कळल्यापासून ३ वर्षं. दावा लागला की लगेच त्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे मधल्या काळात कुणी विकत घेतलं तर तो 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकणार नाही.

शोध घेण्यासाठी मात्र वकील लागत नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाचं नाव आणि मालमत्तेचा क्रमांक टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघा, फुकट दिसतो. घराची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. काटोलचा सातबारा दर महिन्याला मोबाइलवर बघायची सवय लावा आणि 'आपली चावडी'वर त्या गावाच्या फेरफार नोटिसा. शेतीचा व्यवहार झाला की फेरफार नोंदीची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. ते १५ दिवस पुण्यात बसून निघून गेले की मग उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मग तारखा. दुय्यम निबंधक तुमच्या भांडणाचा निवाडा करणार नाही, पण समोरचा माणूस भानावर नाही असं दिसलं तर दस्त नाकारायचा अधिकार त्याला नोंदणी कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. शहरात एकापेक्षा जास्त कार्यालयं आहेत, तेव्हा वैद्यकीय कागदांसह पत्र एकाला देऊन थांबू नका.

ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याबद्दल लोक फार आशेने विचारतात. २००७ चा चरितार्थ व कल्याण कायदा, उपविभागीय अधिकाऱ्यासमोरचं न्यायाधिकरण. चांगली जागा आहे, स्वस्त आहे, पण तुमच्या प्रश्नाला ती अर्धीच लागू पडते. निर्वाह भत्ता पुतण्याकडून मागता येणार नाही. त्या कायद्यात 'नातेवाईक' म्हणजे निपुत्रिक ज्येष्ठाचा वारस, आणि बाबांना तुम्ही दोघं आहात. गंमत अशी की पुतण्या बाबांना घेऊन तिथे गेला तर नोटीस तुम्हा दोघांना निघेल. कलम २३ मात्र कुणालाही लागू होतं: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्दबातल ठरवता येतो. अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला सांगितला आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं असं म्हटलं. त्या प्रकरणात मुलाने बक्षीसपत्रासोबत आईला सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. तेव्हा बाबांनी कधीही, कुणालाही काही द्यायचं ठरवलं, तर सांभाळाची अट त्याच दस्तात शब्दांत यायला हवी. आणखी एक बारकावा: ज्येष्ठ स्वतः अर्ज करायला असमर्थ असेल तर कलम २३ खाली त्याच्या वतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था पुढे येऊ शकते. नुसत्या मुलीच्या सहीवर तांत्रिक हरकत येते, म्हणून अशी एखादी संस्था सोबत घ्या. ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयातच बसतं. महिला आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

पोलिसांत जायचं का? साडेचार लाखांचा प्रश्न आहे, तेव्हा राग येणं साहजिक. भारतीय न्याय संहितेत विश्वासघात कलम ३१६, फसवणूक ३१८, बनावट दस्त ३३६ आणि पुढची कलमं आहेत. पण फिर्याद देण्याआधी एक शांतपणे करा: त्या साडेचार लाखांचा जमाखर्च पुतण्याला लेखी मागा. आठ महिन्यांत औषधं, रात्रीचा अटेंडंट, किराणा, बगिच्याची फवारणी, मजुरी, यात किती गेले असतील याचा अंदाज तुम्हीच कागदावर मांडा. दोन-अडीच लाख सहज भरतील. मी पुतण्याची बाजू घेत नाही. पण रात्री तीन वाजता दार उघडून 'मला हापिसात जायचंय' म्हणणाऱ्या माणसाला परत अंथरुणावर नेणारा घरात तोच आहे, आणि बऱ्याच प्रकरणांत चोरी आणि बिनपगारी सेवा एकाच माणसाकडे, एकाच घरात असते. हिशेब जुळला तर त्याला महिन्याचं मानधन ठरवून बँकेतून द्या आणि एटीएम कार्ड काढून घ्या. बहाराचे पैसे व्यापाऱ्याने थेट बाबांच्या खात्यात टाकावेत, रोख इसार बंद. आंबिया बहार देण्याआधी व्यापाऱ्याला हे पत्र गेलं पाहिजे. हिशेब द्यायला त्याने नकार दिला, किंवा दस्तावर खोटी सही निघाली, तर मग फिर्याद, आणि तेव्हा तुमची मागणीची नोटीस फिर्यादीला जोडलेली असेल. फोनवरून, 'डिजिटल अटक' वगैरे सांगून पैसे गेले असतील तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

पुतण्याला घराबाहेर काढायची घाई तर अजिबात करू नका. सोमवारी काढलात तर मंगळवारी रात्री बाबांजवळ कोण झोपणार, हे ठरलेलं असू दे.

शेवटचा प्रश्न, बाबांना सांगायचं का. सांगायचं. त्यांचीच मालमत्ता आहे, आणि कलम १४ असो की हायकोर्ट, त्यांना काय हवं होतं हे विचारलं जाणारच. पुढच्या वेळी नागपूरला याल तेव्हा सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पुतण्या बगिच्यावर गेलेला असताना, चहा झाल्यावर बसा. कायदा, चोरी, कोर्ट, काही काढू नका. एवढंच विचारा: 'बाबा, बँकेचं आणि बगिच्याचं कुणी बघावं असं तुम्हाला वाटतं?' जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून वहीत लिहा. तुम्हाला नको असलेलं नाव घेतलं तरी लिहा. चार-पाच दिवसांनी, पुन्हा सकाळी, तोच प्रश्न तसाच विचारा. माणसाची निवड टिकते की दर वेळी बदलते, हे डॉक्टरही पाहतात. दोन्ही उत्तरं असलेली ती वही डॉक्टरांकडे जाताना पिशवीत असू द्या, बक्षीसपत्राचा मसुदा नको.